कागदावरचं आडनाव

सिउ फुंग यी या म्हातारीने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. चार बोटांच्या फटीतून तिने बाहेरची पोरगी न्याहाळली. ती मदत संस्थेतली मेलडी. हातात चिनी भाषेतला छापील फॉर्म. नवा कायदा झालाय, म्हणाली. या करोनाच्या साथीचा राग काढायला कुणी आपल्या माणसांवर हात उचलला, तर आता आपल्याच भाषेत तक्रार करता येते.

"आपल्या भाषेत?" म्हातारी फणकारली. "सरकार गोड बोलायला लागलं ना, की समजावं, घरातलं काहीतरी उचलायला आलंय."

"पोपो," मेलडीने तिला आजी म्हणून हाक मारली, "युएत-हा आजींचं खुब्याचं हाड मोडलंय. पोलीस म्हणतात, पाय घसरला. आजींना कानाने कमी ऐकू येतं. तो माणूस काय ओरडला ते फक्त तुम्ही ऐकलंत."

ऐकलं होतंच. आठव्या रस्त्याच्या बसथांब्यावर दोघी मैत्रिणी गरम पाव घेऊन उभ्या होत्या. पोलीस आले तेव्हा हिने मान हलवली, काही पाहिलं नाही म्हणून. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

पण फॉर्मचा पहिलाच रकाना नावाचा, आणि नाव ही या घराची दुखरी नस. तिचा सासरा एकोणीसशे छत्तीस साली अमेरिकेत आला तो यी आडनावाच्या परक्या माणसाचा मुलगा बनून, विकत घेतलेल्या कागदांवर. सरळ वाट चिन्यांना कायद्याने ठेवलीच नव्हती. बंदराजवळच्या बेटावर कोंडून, कागद खरे की खोटे ते ताडायला सरकारी साहेब विचारायचे, गावात विहिरी किती, दाराला पायऱ्या किती. त्याने सगळी उत्तरं बोटीवरच घोकली होती. खरं आडनाव ताम. ते फक्त नवऱ्याच्या थडग्यावर, तेही चिनी अक्षरांत. कुणी खोदत बसलं तर खोटे कागद उघडे पडतील आणि झळ नातवंडांपर्यंत पोचेल, ही धास्ती काही जात नव्हती.

तिने साहेबाचीच रीत उचलली. "तुझ्या आजीचं गाव?"

"तोइसानकडचं."

"विहिरी किती?"

"अं... माहीत नाही."

"दाराला पायऱ्या?"

"मी कधी गेलेच नाही, पोपो. आजीला विचारलं की म्हणायची, गप भात खा." पोरगी ओशाळली.

म्हातारीने मनाशी ताडलं. शिकवून धाडलेल्या माणसाला पायऱ्यासुद्धा पाठ असतात. सासऱ्याला होत्या. तिने साखळी काढली.

"लिही. 'तुमचा रोग घेऊन परत जा,' असं ओरडला आणि युएत-हाला ढकललं. तिचा पाय घसरला नाही. मी पोलिसांना खोटं सांगितलं, तेही लिही."

मेलडीने लिहून घेतलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. म्हातारीने पेन घेतलं. मग ठसठशीत अक्षरांत तिने 'यी' लिहिलं. पंचाऐंशी वर्षं हे आडनाव सरकारशी खोटं बोलत आलं होतं. एकदा तरी त्याने खरं बोलावं.