कमी वापराचा हात

सकाळी शर्टाची बटणं तो कशी लावत असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. सूनबाई सातला कामावर निघते, म्हणजे त्याआधी उठून तिच्याकडून लावून घेत असेल. की हल्ली नुसता टी-शर्टच घालतो? विचारलं तर म्हणेल, "आई, तेहतीस वर्षांच्या घोड्याला असं विचारतात का?" म्हणून विचारत नाही. दोनदा उठून पाणी प्यायले आणि पुन्हा त्याच्या कागदांपाशी येऊन बसले.

माझा मुलगा काच कापतो. कापायचा, असं लिहायला हवं, पण मन धजत नाही. पंधरा वर्षं एकाच कारखान्यात काढली त्याने. खिडक्यांची तावदानं, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. एकदा तो चष्मा घरी विसरला, तो द्यायला गेले तेव्हा त्याला काम करताना पाहिलं. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, श्वास रोखायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवायचं नाही, काच भलतीकडे तडकते. कटर डाव्या हातात होता. गोल, लंबगोल, कुठलाही अडनिडा आकार आला की मुकादम म्हणायचे, "डावऱ्याकडे द्या. त्याच्या डाव्या हातचा मळ आहे." आणि स्वतःच्याच विनोदाला स्वतःच हसायचे.

घरी मात्र त्याचं डावरेपण मला खपलं नव्हतं. पहिलीत असताना पेन्सिल डाव्या हातात दिसली की मी ती काढून उजव्या हातात द्यायचे. वर्षभर रडला, पण अक्षर असं वळणदार झालं की बाई वही वर्गात फिरवायच्या. चेंडू फेकणं, स्क्रू पिळणं, कात्री धरणं, सगळं डाव्यानेच राहिलं. उजव्याने तो फक्त लिहायचा, तेही माझ्या धाकाने.

मागच्या वर्षी एक मोठी काच, काचा उभ्या टेकवून ठेवायच्या लाकडी घोडीवरून घसरली आणि सवयीने त्याचा डावा हात पुढे गेला. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या मनगटापाशी तुटल्या, असं डॉक्टर म्हणाले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. अंगठा आता पहिल्या दोन बोटांना टेकत नाही. बटण, किल्ली, कटर, सगळं त्या चिमटीतच होतं.

मग भरपाईचा दावा लागला आणि विमा कंपनीने तपासणीला पाठवलं. हात यापुढे सुधारणार नाही असं ठरलं, की उरलेलं अपंगत्व टक्क्यांत मोजतात. बोटं किती वाकतात, पकड किती जोराची, हे यंत्रावर पाहतात आणि तक्त्यावरून आकडा काढतात. याचा आकडा निघाला बारा. तो म्हणाला, "म्हणजे अठ्ठ्याऐंशी टक्के शाबूत. शाळेत एवढे मार्क कधी पडले होते मला?" सूनबाई हसली नाही. मीही नाही.

त्याची वकीलबाई मोकळी आहे बोलायला. तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "या टक्क्यांवरून आणि पगारावरून रक्कम ठरते. ती एकदम घेतली आणि तडजोडीवर सही केली की फाइल बंद. पुढे हाताची तिसरी शस्त्रक्रिया निघाली तरी खर्च तुमचा. आकडा पटत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासणी मागता येते, पण सहीच्या आधी." याने मान हलवली आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "कोण पुन्हा त्या यंत्रात हात घालणार?"

आज संध्याकाळी कागद माझ्यापुढे टाकून गेला. "उद्या दहाला सही आहे. तू पदवीधर बाई, एकदा नजर घाल. पण खुसपट काढू नकोस. मला हे संपवायचंय."

नजर घातली. तिसऱ्या पानावर एक ओळ आहे: प्रमुख हात उजवा, इजा झालेला हात डावा, कमी वापराचा. मागे तक्ता जोडलाय. तीच इजा, तीच बोटं, पण हात प्रमुख असेल तर टक्के जास्त. बोट ठेवून तीनदा वाचलं.

कमी वापराचा. पंधरा वर्षं ज्या हातावर घर चाललं, तो.

ही ओळ आली कुठून, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तपासणीच्या दिवशी सूनबाईला रजा मिळाली नव्हती, म्हणून मी सोबत गेले होते. तो आत पट्टी काढून घेत होता. बाहेर टेबलावरच्या मुलीने फॉर्म भरता भरता विचारलं, "आजी, पेशंट लिहितात कोणत्या हाताने?"

"उजव्या," मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. वर सांगितलं, "अगदी मोत्यासारखं अक्षर आहे हो त्याचं." तिने खूण केली. डॉक्टरांनी ती खूण पाहिली, आणि फॉर्मवर त्याची सहीही उजव्या हाताचीच. त्यांनी तरी आणखी काय विचारायचं?

सुतार असता, गवंडी असता, तरी लिहायच्या हातावरून दिलेलं माझं उत्तर चुकलंच असतं. पेन्सिल माझ्या हाती होती तेवढंच त्याचं आयुष्य मला ठाऊक. बाकीचं मुकादमांना ठाऊक. ते सांगतील, लिहूनही देतील. फक्त कुणीतरी त्यांना विचारायला हवं.

त्याला सांगितलं तर चिडेल. सगळं पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तारखा, पुन्हा ते यंत्र. शिवाय, "तूच सांगितलंस?" हे त्याच्या तोंडून ऐकावं लागेल. तासभर मी हाच हिशेब करतेय, की गप्प राहिले तर त्याला कधी कळेल. कदाचित कधीच नाही. हा विचार मनात आला आणि माझी मलाच भीती वाटली.

वकीलबाई साडेनऊशिवाय फोन घेत नाही, आणि दहाला सही. तिला लावून भागणार नाही. आधी त्यालाच सांगायला हवं. तो जागाच असेल, रात्री मनगट ठणकतं त्याचं.

सूनबाईने उचलला तर घाबरेल, तिला म्हणेन, मी बरी आहे, त्याला दे. आणि तो आला की आधी हेच सांगेन की चूक माझी आहे, कागदाचं नंतर. लावते.