दुसरी सही

पंचफुलाबाईंच्या अंबरपेठेतल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्या डोक्यावरून आत डोकावायचं आणि विचारायचं, "मिस्त्री किधर हैं, अम्मा?" बाई हातातलं काम खाली ठेवत नसत. "मिस्त्री के सामनेच खडे हैं आप," एवढं म्हणून पुन्हा मान खाली घालत. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरत आणि उरलेली निम्मी पुन्हा दुसरीकडे जात नसत. फिरलेल्यांची बाईंना खंत नव्हती. अक्कल यायला काहींना वेळ लागतो, असं त्यांचं सरळ मत होतं.

हे काम त्या शाळेत शिकल्या नव्हत्या. बाप मराठवाड्यातून हैदराबादला आला, पोरगी दहावी झाली आणि सरकारी टीव्ही कारखान्यात लागली. तिथं लांबलचक टेबलाशी बायका ओळीनं बसून बोर्ड सोल्डर करत. पंचफुलाच्या डाव्या हाताला त्रिवेणी. सतरा वर्षं दोघींची जागा बदलली नाही. त्या लाइनीचा एक कायदा होता: आपण जोडलेल्या बोर्डाला आपण करंट द्यायचा नाही. बोर्ड शेजारणीकडे सरकवायचा, तिनं तो नजरेनं तपासायचा, चिठ्ठीवर दुसरी सही करायची आणि मगच बटण दाबायचं. साहेब डोक्यावर उभा राहून ओरडला तरी सहीशिवाय बटण नाही. पुढं बाजार खुला झाला, बाहेरच्या कंपन्यांचे चकचकीत टीव्ही आले आणि लाइन बंद पडली. बायकांना घरी बसवलं, त्याला स्वेच्छानिवृत्ती असं गोंडस नाव होतं. स्वेच्छा कुणाची होती, हे कुणी विचारलं नाही. पंचफुलाबाईंनी दुकान टाकलं. त्रिवेणी आबिड्सला एकनाथरावांच्या साड्यांच्या दुकानात काउंटरवर लागली.

त्याला बारा वर्षं झाली आणि एका शनिवारी सकाळी त्रिवेणी अंबरपेठेच्या दुकानात आली ती रडतच.

गुरुवारी तिच्या काउंटरवरच्या दोन भारी रेशमी पट्टूसाड्या नाहीशा झाल्या होत्या. दुकानातल्या सगळ्या पोरींसमोर तिची पर्स उलटी केली गेली. पर्समध्ये रुमाल, बसचा पास आणि गोळ्यांची पट्टी निघाली. दुकानात चार कॅमेरे होते, त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर होता, पण कुणी चित्रण बघायच्या आतच, शुक्रवारी सकाळी, तो डबा बंद पडला. कंपनीच्या माणसानं झाकणही न उघडता सांगितलं, बोर्ड गेला, नवी मशीन घ्या. आतली डिस्क नव्या मशीनला वाचता येत नाही, ती पुसूनच घ्यावी लागते. नवी मशीन सोमवारी बसणार होती आणि त्यानंतर एकनाथराव पोलिसात जाणार होते.

"माझं खरं-खोटं त्या डब्यात हाय, पंचफुला," त्रिवेणी म्हणाली. "अन् सोमवारी ते पुसायलेत."

खरं सांगायचं तर एक क्षणभर पंचफुलाबाईंच्या मनात आलंच, की हिनं घेतल्या तर नसतील? घरात नवऱ्याचं आजारपण, पोरीचं लग्न. मग त्यांना स्वतःचीच इतकी चीड आली, की चप्पल घालताना त्यांनी ती उलटसुलट घातली. दुकानाला कुलूप लावून त्या त्रिवेणीबरोबर बसमध्ये चढल्या.

एकनाथराव वाईट माणूस नव्हते. वडलांनी गावची शेती सोडून उभं केलेलं दुकान ते जिवापाड सांभाळत होते आणि जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटत होतं. "कंपनीचा माणूस नाही म्हणायलाय, तुम्ही काय करणार?" त्यांनी विचारलं.

"त्यानं झाकण उघडलं नाही. मी उघडते."

"बघा मग. पण मशीन दुकानाबाहेर जायची नाही. अन् सोमवार म्हणजे सोमवार."

बाईंनी वायर लावली. डब्याचा हिरवा दिवा लागला, टिक वाजलं, दिवा गेला. पुन्हा लागला, पुन्हा गेला. बाईंना तेवढ्यानंच निम्मा धीर आला. मेलेली मशीन अशी धडपडत नाही. झाकण काढल्यावर त्यांनी एकनाथरावांना बोटानं दाखवलं. वीज सांभाळून पुढं पाठवणारी ती छोटी नळकांडी, कंडेन्सर. बाकीची माथ्यावर सपाट होती, दोन मात्र पुरीसारखी फुगली होती. बाईंनी दोन्ही तिथंच काढली, रुमालात बांधली आणि त्रिवेणीला घेऊन कोठीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात गेल्या.

कोठीच्या पहिल्या दुकानदारानं पुडी पुढं केली. "सेमीच है अम्मा, लेके जाओ."

"सेम नक्को बोलो. ये पच्यासी डिग्री गरमी झेलनेवाला है. मेरेकू एकसौपाच का होना."

"क्या फरक पडता?"

"तुमकू नै पडता," बाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या. दुसऱ्या दुकानात व्होल्टेज कमी होतं. तिसऱ्यात माल जुना, कंडेन्सरच्या तारांचे पाय गंजलेले. चालून चालून बाईंचे पाय दुखायला लागले, भूक लागली, त्रिवेणी दोनदा म्हणाली की जाऊ दे, चालंल ते पहिलं. बाई ऐकायला तयार नव्हत्या. सातव्या दुकानात हवे तसे दोन कंडेन्सर मिळाले, तोवर संध्याकाळ झाली होती.

रविवारी आबिड्सची दुकानं बंद आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग. एकनाथरावांनी शटर अर्धं वर केलं. बाईंनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरून काम सुरू केलं. जुनं कथिल शोषून घेतलं, भोकं साफ केली, नवे कंडेन्सर बसवले, तारांचे जादा पाय कापले. डाव्या हाताला पुन्हा त्रिवेणी बसलेली, आणि हात असा कारखान्यातल्यासारखा चालला, की मधली बारा वर्षं गेलीच नव्हती जणू. एकनाथराव खुर्ची ओढून जवळ बसले.

"झालं ना? दाबा बटण."

"नाही," बाई म्हणाल्या. "दुसरी सही राहिली." आणि त्यांनी बोर्ड डाव्या हाताला, त्रिवेणीकडे सरकवला.

एकनाथराव उभेच राहिले. "अहो बाई, ज्यांच्यावर आळ आहे त्यांच्याच हातात पुरावा देता?"

"हातात नाही देत. ती हात लावणार नाही, नुसती बघंल. आमच्या लाइनीत आपलं काम आपण पास करत नसतो, शेठ. तुम्हाला चालत नसंल तर हा बोर्ड असाच राहील."

एकनाथराव कुरकुरत बसले. त्रिवेणीनं चष्मा चढवला आणि दोन्ही हात मागं बांधले. बोर्डाच्या एका टोकापासून तिनं सुरुवात केली. पूर्वीही ती अशीच बघायची, ओठ हलवत, एकेक सांधा मोजत. रस्त्यावरून पुस्तकवाल्याची आरोळी आली. त्रिवेणीची नजर एका जागी थांबली, पुढं गेली, परत आली.

"पंचफुला, हे दोन्ही उलटे बसवलेस तू."

"काहीतरीच. बोर्डावरच्या गोलाची रंगवलेली बाजू प्लसची."

"ते आपल्या कारखान्यात. हितं जुन्यांकडं बघ. सगळ्या जुन्यांचा मायनसचा पट्टा रंगवलेल्या बाजूला हाय. तुझ्या दोघांचाच तेवढा कोऱ्या बाजूला."

बाईंनी बघितलं. सतरा वर्षांची सवय हातानं इमानेइतबारे पाळली होती आणि ती इथं साफ चुकीची होती. बटण दाबलं असतं तर कंडेन्सर फुटले असते. सोबत डिस्कही गेली असती, कदाचित कायमची. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. ज्या बाईवर आपण क्षणभर का होईना संशय घेतला, तिनं आपली लाज राखली होती.

एकनाथराव दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. हिशेब त्यांच्याही डोक्यात हळूहळू जुळत होता.

"उलटे राहिले असते, तर रेकॉर्डिंग गेलं असतं?"

"गेलं असतं."

"अन् दोष तुमच्यावर आला असता. यांना कुणी काही म्हटलं नसतं."

"नसतं."

एकनाथरावांनी कपाळ पुसलं. "त्रिवेणीबाई, राहू द्या आता. मला पटलं. नाही बघायचं काही."

"बघायचं," त्रिवेणी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "पंचफुला, सरळ बसव त्यांना."

बाईंनी दोन्ही कंडेन्सर काढले, फिरवून बसवले आणि बोर्ड पुन्हा सरकवला. त्रिवेणीनं पुन्हा पहिल्या टोकापासून सगळा बघितला. मग एकनाथरावांच्या खिशातला पेन मागून घेतला आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर सही केली. बाईंनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

गुरुवार सापडायला वेळ लागला नाही. पडद्यावर दुपारचं दुकान दिसलं. त्रिवेणी गिऱ्हाइकासोबत दाराकडे गेलेली, काउंटरवर दोन साड्या पसरलेल्या. कानाला मोबाइल लावून एकनाथराव आले, बोलता बोलता त्यांनी दोन्ही साड्यांच्या घड्या घातल्या, फॉल-पिकोला जाणाऱ्या गठ्ठ्यात कोंबल्या आणि गठ्ठ्याला स्वतःच्या हातानं गाठ मारली.

खरे एकनाथराव पडद्यासमोर मान खाली घालून उभे होते. "चुकलो," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता पिकोवाल्याकडून आणतो. बंद करा ते, बाई."

पंचफुलाबाईंचा हात बटणाकडे गेला. त्रिवेणीनं तो धरला.

"चालू राहू दे, शेठ. उद्या दहाला सगळ्या पोरी येतील. माझी पर्स सगळ्यांनी बघितली होती."