जमिनीवर तपासलं, ठीक आहे

मी विमानांतले रेडिओ, मीटर आणि तारा दुरुस्त करते. बालाघाटात हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि मग विचारतो, "तो मॅडम, हमारा इन्व्हर्टर भी देख लोगे क्या?" एकदा आत्याच्या घरचा बघितला, तर पुढे कितीतरी दिवस वॉर्डातले मिक्सर आणि पंखे आमच्या ओट्यावर येऊन बसत होते. तेव्हापासून मी सरळ नाही म्हणते. लोक म्हणतात, बाई तापट आहे. आहेच.

नागपुरात शिकले, तिथंच काही वर्षं नोकरी केली, परवाना काढला. मग घराजवळच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवणारी एक खासगी संस्था आली, तेव्हा परत गावी आले. मोजकीच छोटी विमानं, एक हँगर, एक रेडिओ रूम आणि शिकायला आलेली पोरं. त्यातल्या एका विमानापायी एका पोरीचं नाव कटता कटता राहिलं. त्या गोष्टीचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

पोरगी किरनापूरची. वडिलांचं तिथल्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान. बाकीची पोरं मोठ्या शहरांतली, कँटीनमध्येसुद्धा इंग्रजीत भांडणारी. ही हिंदी शाळेत शिकलेली आणि घरी आमच्यासारखीच मराठी बोलणारी. संस्थेत मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे येऊन बसायची आणि मला ताई म्हणायची. तिचं इंग्रजी गप्पा मारण्याइतकं नव्हतं. पण विमानाच्या रेडिओवर गप्पा मारायच्याच नसतात. तिथं ठरलेली वाक्यं असतात: मी कोण, कुठं आहे, किती उंचीवर आहे, आता काय करणार. ही वाक्यं तिनं घोटून घोटून पाठ केली होती आणि ती अगदी स्पष्ट बोलायची.

शिकणाऱ्या प्रत्येकाला काही फेऱ्या एकट्यानं माराव्या लागतात. वाटेतल्या ठरलेल्या जागांवरून रेडिओवर कळवायचं असतं की मी इथं पोचले. तिच्या पहिल्या फेरीत खबर आलीच नाही. दुसऱ्या फेरीतही तेच. तिसऱ्यांदा ती थेट धावपट्टीजवळ आली तेव्हा कुठे तिचा आवाज उमटला. शिकवणाऱ्यांचे मुख्य, मोठे इन्स्ट्रक्टर, खाली उभेच होते. ती विमानातून उतरली, आणि सगळ्या पोरांसमोर त्यांनी तोंड सोडलं.

"मुँह में दही जमा है क्या? रिपोर्ट क्यों नहीं किया?"

"सर, मैंने किया था।"

"किसको? हवा को?"

पोरं हसली. हे मला नंतर कळलं, कारण आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी त्या दिवसांत गोंदियाला होते.

विमानाची तक्रार आली की आमच्याकडे काय होतं ते सांगते. विमान हँगरसमोर उभं असतं. रेडिओ रूम त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. एक जण विमानात बसून बटण दाबतो, "रेडिओ चेक" म्हणतो. रेडिओ रूममधला म्हणतो, साफ ऐकू येतं. मग हँगरच्या नोंदीत लिहायचं, जमिनीवर तपासलं, ठीक आहे. झालं काम. ओसरीवर बसून बोललेलं अंगणात ऐकू आलं, म्हणून ते वैनगंगेच्या पलीकडेही ऐकू जाईल असं मानण्यातला हा प्रकार. इतक्या जवळून, अँटेनाला जाणारी तार आतून तुटलेली असली तरी आवाज पोचतो. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, परीक्षेत विचारलेलं असतं, आणि रोज सकाळी सगळे मिळून ते विसरतात, कारण लांब जाऊन तपासायचा कंटाळा येतो.

दुसरी खोड त्याहून जुनी. खोट सापडली नाही की डबा बदलायचा. या विमानातला रेडिओ काढायचा, त्या विमानातला इथं घालायचा. माझ्यामागे तेही करून झालं होतं. रेडिओ बदलूनही पोरीचा आवाज आला नाही. आता कुणाही शहाण्या माणसाच्या मनात येईल की डबा चांगला आहे, तर बिघाड डब्याच्या पुढे कुठंतरी आहे. आमच्या लोकांनी काय ठरवलं? दोन-दोन रेडिओ तर खराब असणार नाहीत, म्हणजे पोरगीच खराब.

मी परत आले तेव्हा हँगरच्या मुख्य इंजिनिअरनं मला हे असं सांगितलं, जसं काही मोठं कोडं सोडवलंय. "अब ये मशीन का मामला नहीं रहा, लड़की का है।" सोमवारी बैठक होती आणि तिचं नाव कमी करायचं जवळजवळ ठरलंच होतं. तिच्या नावापुढे शेरा पडलेला होता: घाबरते, रेडिओवर बोलता येत नाही, इंग्रजी कच्चं.

ती कँटीनच्या मागे एकटी बसली होती. मी गेले आणि सरळ विचारलं, "काहून वं, खरंच बोलली नव्हतीस का?"

"बोलली होती ताई. आईची आण."

"तुले इकडचं ऐकू येत होतं का?"

"हौ, सगळं येत होतं. सर मले गाल्या देऊन राह्यले होते तेबी ऐकू आलं. मी उत्तर देल्लं, पण त्याइले पोचलंच नाई."

"कुठून बंद होते?"

"सुरुवातीले चालते. मंग इंजिन गरम झालं आन् रामपायलीकडं गेलं का बंद. जवळ आली का पुन्हा चालू."

"हे सरले सांगतलं काय?"

"सांगतलं ना. ते म्हणे, बहाने मत बनाओ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीनं बिघाड सांगितला नव्हता, बिघाडाचा पत्ताच दिला होता. तिला ऐकू येतं, कारण रेडिओ रूमची अँटेना उंच आणि जोरकस; तिचं पोचत नाही, कारण विमानाच्या अँटेनापर्यंत ताकदच जात नाही. गरम झाल्यावर जातं, लांब गेल्यावर जातं. आता यापुढे काय चिठ्ठी लिहून द्यायची होती तिनं?

त्याच विमानानं उडालेल्या एका दिल्लीच्या पोराला मी जेवताना गाठलं. तो सहज म्हणाला, "हाँ मैम, उसका रेडियो थोड़ा वीक है। मैंने सर को बोला तो सर बोले, दूसरा जहाज़ ले लो।" म्हणजे त्यानं सांगितलं की विमान बदलून मिळतं. हिनं सांगितलं की बहाणा. मी ताट तसंच ठेवून उठले.

अँटेनाकडे किती ताकद जाते आणि त्यातली किती परत फिरते, हे दाखवणारं एक यंत्र असतं. आमचं यंत्र तपासणीला गेलेलं होतं आणि ते परत आणायची कुणालाही घाई नव्हती. मुख्य इंजिनिअरला म्हटलं, कुठूनतरी मागवा, सोमवारच्या आधी. तो म्हणाला, एका स्टुडंटसाठी एवढं? मग मी म्हटलं, ठीक आहे, मी लांब जाऊन तपासते. त्यावर त्यानं खांदे उडवले. नाही म्हटलं नाही, तेवढंच मला पुरे होतं.

सकाळी इंजिनं तापवायला विमानं तशीही सुरू करतात. मी इंजिनवाल्या मेकॅनिकला दोन विमानं शेजारी शेजारी लावायला सांगितली, हे आणि एक धडधाकट. संस्थेचा हातात धरायचा रेडिओ घेतला, स्कूटी काढली आणि किरनापूरच्या अंगाला धानाच्या पाणी भरलेल्या बांध्या ओलांडून नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, उंच पाळीवर जाऊन उभी राहिले. मेकॅनिक एकेका विमानात बसून मोबाईलवरून मला सांगणार, आता बोलतो, आणि मग रेडिओवर बोलणार.

पाळीवर मी एकटी अशी राहिलेच नाही. रेडिओ हातात धरलेली बाई दिसल्यावर धानाच्या रोवण्याला निघालेली चार माणसं थांबली. एक म्हातारबा पुढे आले.

"कोनता सर्व्हे व्हय बाई? जमीन जाऊन राह्यली का आमची?"

"जमीन नाई जात काका. एक पोरगी जाऊन राह्यली."

त्यांना काही कळलं नाही, पण ते हलले नाहीत. धडधाकट विमानातून मेकॅनिक बोलला. आवाज इतका साफ की काकांनी मान डोलावली. मग तो दुसऱ्या विमानात बसला. पहिल्यांदा आवाज आला, जरा चरचरत. "इंजन गरम होने दो," मी मोबाईलवर ओरडले. थोडा वेळ गेला. मोबाईल वाजला, "मॅडम, बोल रहा हूँ।" माझ्या हातातल्या रेडिओत नुसता खरखराट. "बोलो ना!" "अरे मॅडम, कब से बोल ही तो रहा हूँ!"

तोही तेच म्हणत होता जे पोरगी म्हणत होती. फरक एवढाच की त्याच्या तोंडात कुणी दही जमवलं नाही.

हँगरमध्ये येऊन मी विमानाच्या छताचं आतलं अस्तर सोडवलं. अँटेना छतावर असते, तिची तार तिथं जोडलेली असते. बाहेरून जोड अगदी ठाकठीक. उघडला तर आतली मधली तार तुटलेली, हिरवी पडलेली, टोकाला टोक टेकवून कशीबशी उभी. थंड असताना टेकायची, गरम होऊन थरथरली की सुटायची. खाली रेडिओ कितीही बदला, काय फरक पडणार होता? मी नवा जोड लावला, पुन्हा इंजिन तापवायला लावलं आणि पुन्हा पाळीवर गेले. या वेळी आवाज आला.

आता मला वाटलं होतं की कुणालातरी लाज वाटेल. मुख्य इंजिनिअर म्हणाला, "मिल गया? बढ़िया।" आणि चहा मागवला. मोठे इन्स्ट्रक्टर ऐकून मोठ्या मनानं बोलले, "चलो, उसको एक मौक़ा और देते हैं।"

मौका! खोट विमानात, खापर पोरीच्या डोक्यावर, आणि आता वर उपकार. मी म्हटलं, "सर, मौका नको. शेरा काढा. आणि ज्या जागी सगळ्यांसमोर बोललात, त्याच जागी सगळ्यांसमोर सांगा की विमान खराब होतं." हे मी मराठीत बोलले, रागात मला हिंदी सुचत नाही, पण त्यांना कळलं बरोबर. ते म्हणाले, "आप इसको पर्सनल मत लीजिए।" बैठक रद्द झाली. नाव राहिलं. शेरा मात्र त्यांनी काढला नाही, आणि पोरांसमोर ते काही बोललेही नाहीत. सहकारी मला समजावत होते, झालं ना काम, आता कशाला वाढवता. सगळ्यांना काम झालेलं दिसत होतं.

तिची राहिलेली फेरी त्याच विमानात होती. मी रेडिओ रूममध्ये जाऊन बसले. जोड माझा होता, मला ऐकायचं होतं. मोठे इन्स्ट्रक्टरही येऊन उभे राहिले. ती उडाली. पहिल्या जागेवरून तिचा आवाज आला, शेजारी बसून बोलावं तसा. माझा जीव भांड्यात पडला. रेडिओ रूममधल्या माणसानं उत्तर दिलं. लगेच तिनं विचारलं, माझं ऐकू येतंय का? त्यानं सांगितलं, येतंय. जिथं आवाज जायचा त्या रामपायलीवरून पुन्हा खबर आली, पुन्हा साफ, आणि पुन्हा मागे तोच प्रश्न. उत्तर मिळालं. तिनं परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता, आणि पुढची खबर द्यायची ती विसरली.

मोठे इन्स्ट्रक्टर माझ्याकडे वळून हसले. "देखा? मैंने कहा था ना, नर्वस है।"

त्या माणसाच्या कानाखाली वाजवायची माझी इच्छा झाली, हे मी लपवत नाही. तीन फेऱ्या ती बोलत राहिली आणि कुणी ऐकलं नाही, वर तूच बोलली नाहीस म्हणून हेच सर तिच्यावर सगळ्यांदेखत ओरडले. मग तिनं स्वतःच्या आवाजावर विश्वास ठेवायचा तरी कसा? मी समोरचा माइक ओढला. मला तो हातात घ्यायची परवानगी नव्हती आणि ठरलेलं एकही वाक्य माझ्या तोंडी आलं नाही.

"ऐकू येऊन राह्यलं माय. सगळं साफ ऐकू येऊन राह्यलं. इचारू नको आता. सांग."

मग तिनं जागा सांगितली, उंची सांगितली, परत किती वाजता पोचेन ते सांगितलं, आणि थांबली. पुढं काही विचारलं नाही. मोठे इन्स्ट्रक्टर माझ्यावर उखडले, फ्रिक्वेन्सीवर मराठी बोलायची हिंमत कशी झाली म्हणून. मला ताकीद मिळाली. ती लगेच मिळाली, त्यात काही वेळ गेला नाही.

पोरगी शिकून बाहेर पडली. आता ती दुसऱ्या राज्यात विमानं उडवते, मोठी, दोन इंजिनांची. अधूनमधून मला फोन करते. नेटवर्क पूर्ण असतं, आवाज स्वच्छ असतो, तरी तिचं पहिलं वाक्य कधी बदलत नाही. "ताई, माहा आवाज येऊन राह्यला ना?" मी दर वेळी हौ म्हणते, आणि फोन ठेवला की त्या माणसाला मनसोक्त शिव्या घालते.