‘रजेवर’ हा शब्द माझा होता

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

साताऱ्यात माजी सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनची अपिलं मी लिहून देतो, आणि त्याचा मला अभिमान आहे. पलटणीत मी क्लार्क होतो. अपिलात कोणी पाय बघत नाही, कागद बघतात, हे तिथंच शिकलो. दुखापत नोकरीमुळे झाली की नाही, एवढंच ठरवायचं असतं. ज्यांना ‘नाही’ सांगून परत पाठवलं, अशा कितीतरी जवानांना मी ‘होय’ मिळवून दिलं.

त्यांतलाच एक इस्लामपूरकडचा, माझ्याच पलटणीतला. रजा संपवून परत येताना, रेल्वेतून उतरताना त्याचा गुडघा चिरडला. पेन्शनचा अर्ज फेटाळला गेला, पहिलं अपीलही. मग काठी टेकत तो माझ्याकडे आला. त्याच्या पिशवीतला दुखापतीचा अहवाल मी उघडला. ‘ड्यूटीवर की रजेवर’ या रकान्यात ‘रजेवर’ लिहिलेलं. अक्षर माझं होतं.

पलटणीकडे परतीचा प्रवास ड्यूटीतच धरतात. नियम मला तेव्हाही ठाऊक होता. पण हजेरीत त्याचं नाव अजून चढलं नव्हतं, म्हणून दुसरं काही न बघता मी लिहून मोकळा झालो होतो.

“कुठल्या गाढवानं लिवलं रं हे?” त्यानं विचारलं.

“असेल कोणीतरी.”

“गावला तर लाथ घालतो. एक पाय चांगला हाय अजून!”

तो हसला. मीही हसलो.

दुसरं अपील मी चारदा लिहून काढलं. रजेचा दाखला, परतीच्या सरकारी प्रवासाचं रेल्वे वॉरंट, दवाखान्याची चिठ्ठी, सगळ्या तारखा ओळीनं लावल्या. इतकं नेटकं अपील माझ्या हातून पुन्हा झालं नाही. निकाल आला, दुखापत ड्यूटीवरचीच.

त्यानं मला गावी बोलावलं. चारचौघांत म्हणाला, “आवं, लोक म्हनायचे सुट्टीत पडला. ह्या बाबूनं माजा पाय ड्यूटीवर लावला!” तेव्हा मला खरोखर ताठ बसावंसं वाटलं.

लोक पांगल्यावर मी सुरुवात केली, “गड्या, तो पहिला कागद...”

“आता कशाला त्यो? जिकलो न्हवं आपुन? च्या घे.”

मी चहा घेतला.

गेल्या वर्षी तो वारला. ‘ते मी लिहिलं होतं, मला माफ कर,’ एवढंच म्हणायचं होतं. ते त्याच्या तोंडावर मला कधीच म्हणता आलं नाही.