वेनिंगच्या हातचं तापे

जुमिराच्या तोंडाला अख्खी आळी भ्यायची, आणि तिच्या हातच्या तापेवाचून आळीतलं एक लग्न पार पडत नव्हतं. चिकट तांदूळ वाफवायचा, पानांच्या रसानं हिरवागार करायचा, गार झाला की आंबवणाची पूड भुरभुरायची आणि केळीच्या पानात बांधून झाकून ठेवायचा. दोनतीन दिवसांनी पान सोडलं की आत गोड, रसाळ, जराशी झिंग आणणारं तापे. काम सोपं दिसतं. पण मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याला कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल की पूड भुरभुरणारी बाई स्वच्छ पाहिजे. पाळीतल्या बाईचा हात लागला की तापे आंबट होतं, त्यावर लाल ठिपके उठतात. जुमिराची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणून तर तिच्या मालाला मान.

"यू जुमचंच घ्या," बाजारात बाया एकमेकींना सांगायच्या. यू म्हणजे ताई, आणि जुम म्हणजे जुमिरा. "ती आता कायमची स्वच्छ."

हे कानावर पडलं की जुमिराच्या कपाळाची शीर उडायची. "मग आदी काय मी उकिरडा हुते व्हय गं?" ती टोपलीमागून गरजायची. बाया हसून पुढं सरकायच्या. यू जुमचा राग म्हणजे त्यांना बाजारातला एक आवाज झाला होता, कोंबड्यांच्या कलकलाटासारखा.

पण तो राग काही हवेतनं आलेला नव्हता. पोरवयात तिची पाळी सुरू झाली आणि दर खेपेला पोटात अशी कळ उठायची की ती नखांनी भिंत ओरबाडायची. तिची आई, जिला आता सगळं घर सिंबाह, म्हणजे आजी, म्हणतं, तिनं त्यावर गावठी उपाय काढला. लग्न लावलं की पोट सुटतं म्हणाली. तंबाखूच्या वखारीवरचा तिच्या दुप्पट वयाचा गडी बघितला आणि अंगावरची शाळेची कापडं उतरवून लुगडं नेसवलं. पोट सुटलं नाही. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं, दुसरं राहिलं नाही. नवरा सुमात्राला मळ्यावर गेला आणि तिथंच दुसरीजवळ राहिला. कळ मात्र इमानी. केस पिकेपर्यंत दर महिन्याला येत राहिली. त्या दिवसांत तिला चुलीकडं फिरकू द्यायचे नाहीत, मागच्या पडवीत लाकडांशेजारी ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची. कुणी तांब्याभर गरम पाणीसुद्धा आणून दिलं नाही.

आणि आता भावाच्या पोरीचं तेच चाललं होतं.

वेनिंग शेजारच्या घरात बापाजवळ राहायची. आई तैवानात कुणा म्हाताऱ्याची सेवा करत होती, पैसे पाठवायची, सणाला फोनवर रडायची. पोरगी नववीत. तिची पाळी कधी दोनदोन महिने गायब, आली की अशी यायची की पोरगी उलट्या करून पांढरीफटक. शाळेतले खेळाचे मास्तर म्हणाले, पळायला नको म्हणून नाटकं करते. एकदा ती भर बाजारात, बूदेच्या टोपलीवरच कोसळली. बूदे म्हणजे जुमिराच, बापाची थोरली बहीण. तापे सगळं मातीत. जुमिरानं त्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरीला सायकलरिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या सुईणबाईनं पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं, चार गोष्टी विचारल्या. रक्त कमी होतं.

"खायला काय देता हिला?"

"देतो की. पर त्या दिसांत काकडी न्हाई, शहाळं न्हाई. रगात गोठतं. आन् केसं धुवायची न्हाईत."

"आजी, काकडीनं रक्त गोठत असतं तर मी जखमेला काकडीच बांधली असती." सुईणबाई हसली. "खाऊ द्या, न्हाऊ द्या. पालेभाजी, अंडी, सोयाबीनचं टेंपे, पोटभर. कळ सुरू झाली रे झाली की बाटलीत गरम पाणी भरा, फडक्यात गुंडाळा आणि ओटीपोटावर ठेवा. पडूनच राहू नको गं, जरा चालत जा. दुखण्याची गोळी देते. कळ सुरू होतानाच घ्यायची, पोटात काहीतरी असताना. जीव जाईस्तोवर थांबायचं नाही."

"हळद-चिंचेचं पाणी?"

"आवडत असलं तर द्या. गोळीच्या जागी नको. सुरुवातीची काही वर्षं पाळी अशीच मागंपुढं होते पुष्कळ पोरींची. पण हिची आता फारच लांबायला लागली, किंवा अशीच परत कोसळली, तर मोठ्या दवाखान्यात पाठवीन. घेऊन यायचं, लाजायचं नाही."

जुमिरा बाहेर आली ती फणफणत. वेनिंगला वाटलं, बूदे आपल्यावरच चिडली.

"माझं काय चुकलं, बूदे?"

"तुजं न्हाई गं. गरम पान्याची बाटली! येवढंच! आमच्या घरात काय चूल न्हवती? का पानी न्हवतं?" रस्त्याकडंच्या शहाळेवाल्याकडं तिनं बोट केलं. "दे रं एक. मोठं बघून."

त्यानंतरच्या पाळीला वेनिंग बाटली घेऊन झोपली. दुखलं, पण उलट्या झाल्या नाहीत. पुढच्या खेपेला तर बूदेबरोबर कालव्यापर्यंत चालून आली. दुखणं गेलं नव्हतं, पण त्याला आता धरायला काहीतरी सापडलं होतं. आणि तेवढ्यात तिचा बाप, टुगिमान, दारात येऊन उभा राहिला. तोंडावर हसू.

"यू, तापे लागंल. चांगलं मोठं पातेलं. वीटभट्टीवाल्या बू दार्मी यायच्यात, वेनिंगला मागायला."

जुमिराच्या हातातली पळी थांबली. "वेनिंगला? कुनासाटी?"

"त्येंच्या थोरल्यासाटी. सत्तावीस वर्साचा हाय, गाडी हाय. आन् आई बी म्हनती, लगीन झालं की ह्ये पोटाचं सुटंल."

बाकावर पान चघळत बसलेल्या सिंबाहनं मान डोलवली. "पोर झालं की जागा मोकळी हुती."

"माजी झाली का मोकळी?" जुमिरा आईकडं वळली. "सांग की! तुज्याच म्होरं लोळत हुते न्हवं मी पडवीत?"

"तुजं नशीब वायलं."

"नशीब!" जुमिरानं पळी पातेल्यात आपटली. "टुगिमान, पोरगी नववीत हाय. दुकन्याला नवरा हे औषद कुठल्या दुकानात मिळतं ते तरी सांग मला."

"यू, आपली जीभ घरात ठेव. शबूद दिलाय म्या."

तो गेला. जुमिरा चुलीपुढं बसून राहिली. भांडून काही होणार नव्हतं, भावाला ती ओळखत होती. तो तिच्या ओरडण्याला पावसासारखा डोक्यावर टोपी घालून सामोरा जायचा. मग तिच्या मनात दुसरंच आलं. मागणीच्या दिवशी तापे आंबट निघालं तर तो वाईट शकुन. बू दार्मी, म्हणजे दार्मीबाई, असल्या गोष्टींना जिवापाड मानणारी. आंबट तापेवर ती सोयरीक जोडणार नाही.

नेमकी मागणीच्या तीन दिवस आधी वेनिंगला पाळी आली. पोटाला बाटली बांधून ती दारात आली, तेव्हा पाटीत हिरवा भात गार होत होता.

"ये. पूड तू भुरभुर."

वेनिंगनं हात मागं घेतले. "बूदे, मी... मी स्वच्छ न्हाई."

"म्हाईत हाय."

"समदं नासंल!"

"नासू दे. म्हनून तर." जुमिरानं तिच्या हातात पूड दिली. "लगीन करायचं हाय का तुला?"

पोरीनं नाही म्हणून मान हलवली. डोळे भरले, पण हात भातावर फिरायला लागला. भीत भीत, सगळीकडं सारखा. एकेक पान तिनंच बांधलं. तीन दिवस जुमिरा त्या पातेल्याकडं बघत होती, नासावं म्हणून मनातल्या मनात विनवत होती.

मागणीला बू दार्मी आली ती रेशमी जरीत, मागनं पोरगा आणि दोन मावश्या, हातात चिकट मिठायांची तबकं. जुमिरानं पान सोडून त्यांच्यापुढं ठेवलं आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

बू दार्मीनं एक घास घेतला. डोळे मिटले.

"गं बाई! काय गोड झालंय. यू जुम, असं तापे मी जन्मात खाल्लं न्हाई. आन की आनखी एक पान." तिनं पाठोपाठ दुसरं पान सोडलं. "चांगला शकुन! टुगिमान, तारीख काढा."

जुमिरानं एक पुडी उचलली. सोडली. एक ठिपका नाही. चाखून बघितलं. साखर.

आणि मग तिला जे झालं ते आळीनं आधी कधी पाहिलं नव्हतं. ती ओरडली नाही. तिला एकेक आठवत गेलं. पडवीतली लाकडं, बंद केलेलं दार, चुलीपासून हाकललेले सगळे महिने. सगळं खोटं होतं. इतकं साधं खोटं, की कुणीही एकदा करून बघितलं असतं तर कळलं असतं.

"बू दार्मी," ती म्हणाली, "ह्ये तापे म्या केलेलं न्हाई. वेनिंगनं केलं. आन् तवा तिची पाळी चालू हुती. ओटीपोटाला बाटली बांधून बसली हुती पोर, कळा येत हुत्या, आन् ह्याच हातांनी पूड टाकली तिनं."

तोंडातला घास बू दार्मीच्या नरड्यात अडकला. एक मावशी तोंडाला पदर लावून दाराबाहेर धावली. दुसरी थुंकायला पान शोधत होती.

"यू!" टुगिमान उठला. "येड लागलं का तुला?"

"मला तवा लागलं जवा तुमी मला वखारवाल्याच्या गळ्यात बांधलं! खा की, बू दार्मी! आत्ता तर गोड लागत हुतं!"

बू दार्मी जरी सावरत उठली. "असल्या घरातली सून? जिला चुलीचं सोवळं कळत न्हाई?" तबकं परत उचलली गेली, मोटार सुरू झाली.

पोर लहान आहे म्हणून नव्हे. पोरीला शिकायचंय म्हणून नव्हे. भाताला हात लावला म्हणून सोयरीक मोडली. जुमिराला त्याचाही राग आला. जिंकूनही तिला कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटत होती. सिंबाह मात्र बाकावर बसून आपल्या वाटणीचं तापेचं पान चाटूनपुसून संपवत होती.

"गोड तर हाय," ती पुटपुटली.

त्या दिवसापासून लग्नाच्या ऑर्डरी आल्या नाहीत. यू जुमकडं मळकं तापे मिळतं, असं बाजारात झालं. जुमिरा टोपली घेऊन बसथांब्यावर बसायला लागली. तिथं उतरणाऱ्या परगावच्या लोकांना कुणाच्या पाळीचं देणंघेणं नव्हतं. टुगिमान बहिणीशी बोलेना. बू दार्मीचा पोरगा दुसरीकडं उजवला गेला, आणि वेनिंगला मागायला कुणी आलं नाही. बापाला ते लागलं. वेनिंगला नाही.

पाळी पुढंही मागंपुढं होत राहिली. एकदा फारच लांबली तेव्हा सुईणबाईनं चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं, पण दर काही महिन्यांनी यायला लावलं.

एका दुपारी वेनिंग शाळेतनं अर्ध्यातच परतली, कळवळत. बापाच्या घराला कुलूप, म्हणून बूदेकडं आली. जुमिरानं गोळीच्या आधी तिला चार घास खायला घातले, चटईवर निजवलं. तेवढ्यात टुगिमान शेतातनं आला. दारातच उभा राहिला, आत यावं की नाही ह्या विचारात. पोरगी भिंतीकडं तोंड करून कण्हत होती.

"अजून दुकतं व्हय हिला?" तो कुणाकडंही न बघता म्हणाला.

जुमिरा उठली. रिकामी बाटली तिनं भावाच्या छातीवर आदळली, तशी ती त्यानं दोन्ही हातांनी धरली.

"दुकतंय. दर म्हयन्याला दुकतंय. आन् तू दारात हुबा ऱ्हाऊन इचारतुयास. चूल तिकडं हाय. पानी तापीव."

टुगिमाननं बाटलीकडं बघितलं. आयुष्यात त्यानं चुलीवर पाणी ठेवलं नव्हतं.

"किती तापवायचं?" त्यानं विचारलं.

"हात लावून बघ," जुमिरा म्हणाली. "मरत न्हाईस."