कोंबड्याचं आतडं आणि आईची मशेरी

त्या उन्हाळ्यात आईच्या पोटाने आमच्या घरात नुसता उच्छाद मांडला होता. जेवण झालं की अर्ध्या तासात पीळ पडायचा आणि ती पोट धरून मागच्या पडवीत बसायची. दोष कुणाचा, हे घराने केव्हाच ठरवलं होतं: वहिनीच्या हाताचा. वहिनी घाटाच्या पायथ्याच्या गावातली, तिच्या कालवणात म्हणे मिरी जास्त. दादा मुंबईला नोकरीला, त्यामुळे तिची बाजू घेणारं कुणी नव्हतं. येत्या गुरुवारी तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता, ‘आईला बरं वाटेपर्यंत’. अशी गेलेली सून लवकर परत येत नाही, हे साऱ्या मालवणाला ठाऊक होतं. वहिनीची ट्रंक भरून तयार होती.

मी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला, मुंबईहून मे महिन्याच्या सुट्टीत आलेली. साठ-एकसष्ट साल असेल. अंगात नवी विद्या उकळत होती आणि स्वभाव मुळातच तापट. “चोर सोडून संन्याशाला फाशी!” म्हणून मी रोज आईशी भांडायचे. पण चोर कोण, ते मलाही माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी ते कळलं. आईला कळ आली, तशी तिने फळीवरचा डबा काढला आणि चिमूटभर मशेरी दातांना चोळायला लागली. तंबाखू तव्यावर भाजून ही पूड ती घरीच करायची.

“आता गं कशाला मशेरी?” मी विचारलं.

“पोटाक बरा पडता. कळ इली काय लावतंय.”

“आणि थुंकतेस ना?”

“थुकान कित्याक टाकू? गिळल्याबिगर पोटाक कसा लागतला?”

मी उभ्या जागी ओरडलेच! कॉलेजात सरांनी सशाच्या आतड्याच्या तुकड्यावर तंबाखूतल्या निकोटिनचा थेंब सोडला होता आणि तो तुकडा आमच्या डोळ्यांदेखत आवळला होता. पोट काय, आतडं काय, स्नायूंच्या पिशव्याच त्या. आत काय उतरतं, त्याप्रमाणे आवळतात किंवा सैल पडतात. आई दुखतं म्हणून मशेरी लावत होती आणि मशेरीने दुखणं वाढत होतं. हे मी तिला तीनदा सांगितलं. तिने तीनदा कानाआड केलं.

मग दाखवणंच भाग होतं. रविवारी कोंबडी-वड्यांच्या बेतासाठी कोंबडा कापला, तसा आतड्याचा बोटभर तुकडा उचलून मी पडवीत पळाले. तुकडा जिवंत राहावा म्हणून कॉलेजातून आणलेल्या क्षारांची पुडी कोमट पाण्यात विरघळवली, पेला गरम पाण्याच्या टोपात ठेवला. तुकड्याचं एक टोक पेल्याच्या तळाशी बांधलं, दुसरं दोऱ्याने झाडूच्या हिराच्या, म्हणजे काडीच्या, एका टोकाला. हिराच्या मधोमध टाचणी टोचून तो खांबाला अडकवला. सायकलच्या पंपाने पाण्यात हवेचे बुडबुडे सोडायचं काम वहिनीकडे. तिचाच खटला, तीच पंप मारत होती.

आणि हीर हलला! खाली, वर, खाली, वर. मेलेल्या कोंबड्याचं आतडं आपलं काम करत होतं. मी टाळ्या पिटल्या. आईसुद्धा मान पुढे करून बघायला लागली.

आधी मी वहिनीच्या रश्शाचं पाणी फडक्यातून गाळून त्याचे दोन थेंब सोडले. वहिनीचा हात पंपावर थांबला. “मार गं, मार!” मी ओरडले. हीर जरा घाईने हलला आणि पुन्हा पहिल्या चालीवर आला. मी पाणी बदललं. मग आईच्या डब्यातली चिमूट भिजवून तिचे दोन थेंब सोडले. हीर सर्रकन ओढला गेला आणि तिथेच खिळून राहिला.

आईचा हात आपल्या पोटावर गेला होता.

“कोंब्याचा आतडा ता,” ती शेवटी म्हणाली, “माजा काय कोंब्याचा आसा?”

खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. पेल्यातला तुकडा म्हणजे माणसाचं पोट नव्हे, हे आज इतकी वर्षं डॉक्टरकी करून मी कबूल करते. तेव्हा मात्र मी रागाने म्हटलं, “मग बुधवारपर्यंत लावू नकोस. मला खोटी पाड!”

मला खोटी पाडायची म्हटल्यावर आई कशाला मागे हटते? सोमवारी ती मशेरीवाचून चिडचिडली, डोकं धरून बसली. वहिनीने रांधलेलं मात्र मुकाट्याने जेवली. मंगळवारी कळ उशिरा आली आणि लवकर गेली. बुधवारी मी जेवणानंतर तासभर तिच्याकडे बघत बसले. ती तांदूळ निवडत होती. पोटाकडे तिचा हात एकदाही गेला नाही.

गुरुवारी सकाळच्या गाडीने वहिनीचा भाऊ आला. ट्रंक उचलायला तो ओणवला, तर आई समोर उभी. तिने मशेरीचा डबा त्याच्या हातात कोंबला.

“तुज्या भयणीक ऱ्हवांदे,” ती म्हणाली. “ह्यो डबो न्हे आनि वाटेत खाडयेत टाक. माज्या हातान टाकूक जमाचा नाय.”