ताटावर आडवा हात

जळगाव सोडलं तेव्हा सामानातला सगळ्यात जड नग तेलाचा होता. आमच्या शेतातल्या शेंगा, ओळखीच्या घाण्यावर काढलेलं तेल, पत्र्याच्या डब्याचं झाकण कणकेने लिंपून वर फडकं बांधलेलं. बरोबर तुपाची किटली. अहमदाबादहून मद्रासला जाणारी गाडी जळगावला फार थांबत नाही. तेवढ्या वेळात आईने कपड्यांच्या पेटीच्या आधी तो डबा आत चढवायला लावला.

"आई, मद्रासला तेल मिळतं," माझा नवरा म्हणाला.

"मिळत असेल. आपलं कुठे मिळतंय?" आई म्हणाली. "तिकडे डोक्याला लावायच्या तेलातच भाजी करतात म्हणे." मग खिडकीच्या गजांतून माझा हात धरून म्हणाली, "मंदे, कोरडं जेवू नको. पोरीलाही कोरडं घालू नको."

गाडी हलली. लोक अशा वेळी रडतात. मी डबा लवंडू नये म्हणून त्याला दोन्ही पायांत धरून बसले होते.

दोन हजारनंतरची ती पहिलीच वर्षं. शहराचं नाव बदलून चेन्नई झालं होतं, पण जळगावात सगळे मद्रासच म्हणत. नवऱ्याची केंद्र सरकारी नोकरी, त्याची बदली झाली. माझी बँकेतली, मी मागून घेतली. वेस्ट मांबलमला पहिल्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट मिळाला आणि मला जॉर्ज टाउनची शाखा मिळाली. तिथे दिवसभर घाऊक व्यापाऱ्यांची गर्दी आणि मिरचीच्या पोत्यांचा ठसका. आमची नेहा तेव्हा सहावीत होती. वर्षाच्या आत ती खालच्या पोरांशी तमिळमध्ये भांडायला लागली. भांडता आलं म्हणजे भाषा आली, असं मी समजते. मला अजून भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतीच येते.

घरात मात्र मी जळगावच चालवत होते. आमच्या खानदेशात भाजीवर तेलाचा तवंग दिसला नाही तर पाहुण्याला वाटतं, आपल्याला टाळलं. भरतात दाणे आणि खोबरं, आमटीत कूट, वरण-बट्टीवर तूप. तेही बास म्हटलं तरी वाढणारीने ऐकायचं नसतं. खरंच नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा. माझी आई बोटांच्या फटींतून ओतायची. आम्ही भावंडं हसायचो. चेन्नईत माझ्याकडे कुणी मराठी माणूस जेवायला आला की मीही तसंच वाढत असे.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी बँकेत जेवणाची सुट्टी संपता संपता माझ्या पोटात दुखायला लागलं. ते पाठीपर्यंत गेलं आणि मला सरळ उभं राहता येईना. सहकाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. तिथे रक्त काढलं आणि थोड्या वेळाने लॅबवाल्याने माझ्या नवऱ्याला बोलावून नळी दाखवली. रक्त खाली बसलं होतं आणि वर पांढरं, ताकासारखं काहीतरी तरंगत होतं. नवऱ्याला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. ती चरबी होती. माझ्या रक्तातली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेही घाईत. काही माणसांच्या शरीराला खाल्लेल्या चरबीचा निचरा करता येत नाही, ती रक्तात साचते आणि स्वादुपिंडाला सूज येते. बऱ्याचदा हे घराण्यातून येतं. "फॅमिलीमध्ये कुणाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणालाच नाही. तेव्हा मला तेवढंच माहीत होतं.

"ऑइल, घी, कोकोनट, नट्स. कमी नाही करायचं, बंद करायचं," ते इंग्रजीत म्हणाले. "पुढच्या झटक्यातून तुम्ही उठाल, अशी गॅरंटी मी देत नाही."

बंद करणं म्हणजे काय, हे त्या वेळी कळलं नाही. तेल सोडणं सोपं आहे, कारण ते बाटलीत दिसतं. न दिसणारं सोडणं अवघड. दूध सायीसकट गेलं, मग पावडरीचं पांढरं पाणी आलं. दाणे गेले, तीळ गेले, खोबरं गेलं. चेन्नईत खोबरं सोडणं म्हणजे रस्त्यावर चालायचं पण धूळ घ्यायची नाही, असं आहे. मोहरी-जिरं कोरड्या लोखंडी तव्यावर तडतडवून भाजीवर टाकायला शिकले. आवाज फोडणीचा येतो, वास अर्धा येतो, चव येत नाही. इडलीची चटणी-पूड सगळे तेलात कालवतात, मी पाण्यात कालवली. वांगं विस्तवावर भाजून नुसतं मीठ-मिरची लावून खाल्लं. ते गिळता येत होतं, एवढंच.

अशा जेवणाबद्दल कुणी सांगत नाही ते सांगते. पोट भरतं आणि भूक तशीच राहते. जेवून उठल्यावरही आपण जेवलो नाही असं वाटत राहतं. टाचांना भेगा पडल्या, केस गळाले, मे महिन्यातल्या चेन्नईतही माझी बोटं गार असायची. चिडचिड वाढली. मांबलम स्टेशनाबाहेर संध्याकाळी वडे तळतात. सुरुवातीला मी तिथून श्वास रोखून जायची. वर्षभराने तोच वास नकोसा झाला, मळमळायला लागलं. लोक म्हणाले, बरं झालं, सुटलं एकदाचं. मला ते बरं वाटलं नाही. माझ्या आईच्या स्वयंपाकघराचाही वास तोच होता.

चेन्नईच्या माणसांचा मात्र मला त्रास झाला नाही, हे लिहिलं पाहिजे. आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्कर तमिळ बाई राहायच्या, सगळे त्यांना मामी म्हणत. त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पत्तियमा? सरी, सरी." पथ्य का, बरं बरं. विषय संपला. त्यांच्याकडे सणाला गेलं की त्या माझ्यासाठी साधी वाफवलेली इडली आणि बिनफोडणीचं रस्सम काढून ठेवायच्या. एकदाही "थोडंसं घ्या" म्हणाल्या नाहीत. उलट माझे केस बघून त्यांनीच सुचवलं, की पोटात चालत नाही तर डोक्याला लाव, शुक्रवारी तेल लावून न्हा. आईने दिलेल्या तेलाचा डबा अजून अर्धा होता. दर सुट्टीत आई तो भरून पाठवायची. मी तेच तेल डोक्याला लावलं, उरलेलं देवापुढच्या दिव्याला घातलं.

हे मी एसटीडी बूथवरून बोलताना आईला सांगितलं. ती म्हणाली, "दिव्याला घातलंस? बरं केलंस." त्यानंतर डबा येणं थांबलं.

आजारावर तिचा विश्वास नव्हता. "मद्रासचं पाणी बाधलं" हे तिचं निदान. भाऊ विलास आणि वहिनी मधल्या मधे मान डोलवायचे. आईच्या मते, मी तिच्या हातचं खायचं टाळण्याइतकी मोठी झाले होते, बँकेत साहेबीण. "आमचं जेवण आता जड पडतं बाई तिला," असं ती शेजारणींना माझ्यासमोर सांगायची. आजारानंतर जळगावच्या पहिल्या दोन खेपांना मी स्टोव्ह आणि छोटा कुकर घेऊन गेले आणि मागच्या खोलीत माझं वेगळं शिजवलं. माहेरी जाऊन वेगळी चूल. गल्लीत त्याचे जे अर्थ निघायचे ते निघाले.

तिसऱ्या खेपेला, डिसेंबरात, आईने फोनवरच बजावलं. "कुकर आणू नको. मला सगळं समजलंय. तुझं तुझं वेगळं करीन."

तिने केलंही. हे तिच्या बाजूने नीट मांडायला हवं. तिने माझ्यासाठी नवी कढई घेतली, नवा झारा घेतला. माझ्या भाजीला फोडणी नाही, माझ्या वाटीत तवंग नाही. तुपाची लोटी माझ्यापाशी आली की मी ताटावर हात धरायची आणि ती हसून पुढे जायची. फटीतून ओतत नव्हती. मला वाटलं, जमलं. आठवडाभर मी आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं. भात मोकळा, पोळी मऊ.

निघायच्या आदल्या दिवशी तिने वरण-बट्टी केली. बट्टी म्हणजे जाड दळलेल्या गव्हाच्या पिठाचे गोळे, उकडून, कापून तळायचे आणि कुस्करून वर वरण-तूप ओतायचं.

"तुझ्या वेगळ्या काढल्यात," आई म्हणाली. "तळल्या नाहीत, तुपात बुडवल्या नाहीत. नुसत्या उकडून तव्यावर शेकल्यात. आता तरी पोटभर खा."

मी पोटभर खाल्लं. दुपार उलटायच्या आत मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाला धरून बसले होते.

जळगावच्या डॉक्टरांनी विलासला बाहेर काढलं आणि आईला आत बोलावलं, कारण स्वयंपाक तिचा. मी कॉटवर पडल्या पडल्या ऐकत होते. आई एकेक सांगत होती आणि खरं सांगत होती. तेल नाही, तूप नाही, दाणे नाहीत.

"बट्टीत मोहन किती घातलं होतं?" डॉक्टर आमच्याच भागातले होते, त्यांना कळत होतं काय विचारायचं.

"मोहन तर लागतंच. त्याच्याशिवाय बट्टी दगड होते," आई म्हणाली.

"किती?"

"वाटीभर. पण ते पिठात जिरतं हो, वर कुठे दिसतं?"

मग निघत गेलं. भात मोकळा व्हावा म्हणून कुकरमध्ये तेल. पोळीच्या कणकेत तेल, शिवाय घडीला बोट. तिने मला फसवलं नव्हतं. आमच्याकडची कुठलीही बाई त्याला तेल धरत नाही. तेल म्हणजे जे वर तरंगतं ते. कणकेत गेलेलं ते कणीक झालं.

चौथ्या दिवशी मी उठून बसले. आई कॉटशेजारी स्टुलावर होती. ती एकदम म्हणाली, "दादाचं असंच झालं होतं."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. मी लहान असताना तो एका लग्नात जेवून उठला आणि पोट धरून पडला तो गेलाच. घरात सगळे म्हणायचे, कुणीतरी अन्नातून काही घातलं. भाऊबंदांपैकी एका घराशी त्यावरून आमचं बोलणं कायमचं तुटलं.

"अस्साच वाकला होता. अस्साच घामेजला होता," आई म्हणाली. "त्या पंगतीत तूप मी वाढत होते. तो हात आडवा धरत होता, मंदे. मी बोटांतून ओतलं. सगळे हसले."

मी तिला सांगितलं की एका पळीने माणूस मरत नाही, त्याचं रक्त आधीपासून तसं असणार. हे खरंही आहे. तिने ऐकून घेतलं.

घरी आल्यावर पंगत बसली तेव्हा आईने तुपाची लोटी वहिनीच्या हातात दिली. मला वाटलं, दमली असेल. पण त्यानंतर तिने कुणालाच वाढलं नाही. मला नाही, विलासला नाही, नातवंडांना नाही. स्वयंपाक करायची आणि पानं घ्यायच्या वेळी पदर घेऊन ओसरीवर जाऊन बसायची. मी विलासला रक्त तपासायला लावलं, नेहाचंही तपासलं. दोघांचं चांगलं निघालं. आईला दोन्ही कागद वाचून दाखवले. ती म्हणाली, "चांगलं झालं," आणि ओसरीवरच बसून राहिली.

एकदा ती चेन्नईला आली. महिनाभर माझ्याबरोबर माझंच जेवली: कोरडी भाकरी, उकडलेली भाजी, पाण्यासारखं ताक. नवरा आणि नेहासाठी वेगळी भाजी असायची, तिला हात लावला नाही. मी दोनदा सांगितलं, तुला काही झालेलं नाही, तू नीट जेव. "मला हेच बरं," ती म्हणाली. मामी तिला भेटायला आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मामींनी तिच्यासाठी वडा आणला होता, तिने मान हलवली, आणि मामींनी आपल्या पद्धतीने वाटी गुपचूप परत नेली. जळगावात अशी वाटी कुणी परत नेली नसती.

चेन्नईत राहिलेल्या आमच्यासारख्यांना गावाकडचे विचारतात, घर आता कुठलं. तुम्हीही विचाराल म्हणून सांगते. जिथे मी काय खाते याची कुणी चौकशी करत नाही ते माझं राहतं घर आहे, आणि मी तिथे निवांत आहे. जिथे ताटावर हात धरावा लागायचा ते दुसरं. तिथून मी जे तेल आणलं ते दिव्यात जळून गेलं, आणि जे रक्तात आणलं ते कुठेही गेले तरी बरोबरच आहे.

आई गेल्या वर्षी गेली. मी पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं. उत्तरकार्याच्या दिवशी पंगतीत बसले. माझ्या ताटात वहिनीने न सांगता नुसता भात आणि बिनफोडणीचं वरण वाढलं होतं. मोकळा नव्हता भात, गिचका होता. कुकरमध्ये तेल घातलं नव्हतं, म्हणजे. मग ती तुपाची लोटी घेऊन ओळीने वाढत आली. माझ्या शेजारच्या काकूंना वाढलं तसा मी ताटावर हात आडवा धरला, बोटं घट्ट जुळवून. मान वर केली तेव्हा वहिनी मला ओलांडून केव्हाच पुढच्या पानाशी वाकली होती.